लक्षण, डाग आणि गोंदण

वर्षावासाच्या काळात धम्मश्रवणासाठी विहारात येणाऱ्या वृद्ध उपासिकांकडे पाहताना एक दृश्य आमचे लक्ष वारंवार वेधून घेते. त्रिसरण-पंचशील ग्रहण करण्यासाठी जोडलेल्या त्यांच्या हातांवर हिरवट रेघांत कोठे तुळशीवृंदावन असते, कोठे रामाचे नाव, कोठे विंचू. मुखाने बुद्धवंदना चाललेली असते आणि कातडीवर सोडून दिलेल्या धर्माची खूण असते. एखादा तरुण याकडे बोट दाखवून हसतो आणि ती माउली संकोचाने पदर ओढून हात झाकते. तिने हात झाकावा काय, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे मानवी शरीरावरील खुणांचा मोठा इतिहास आपल्यासमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्या इतिहासातील काही टप्प्यांचा विचार करणार आहोत.

प्रथम भगवान बुद्धांचा या बाबतीतील मूलभूत विचार पाहू. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात ब्राह्मण जन्माने ठरतो की कर्माने, या वादाचा निर्णय देताना भगवंतांनी निसर्गाचा दाखला घेतला आहे. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य, पक्षी यांच्यात जातिपरत्वे भिन्न लक्षणे दिसतात. मनुष्याच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत किंवा वर्णात मात्र असे जातिदर्शक लक्षण आढळत नाही, मनुष्यामनुष्यांतील भेद हा केवळ व्यवहारातील नावांचा आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. याचा अर्थ आमच्या मते असा की, निसर्गाने जी खूण दिली नाही ती माणसाला कृत्रिमरीत्या निर्माण करावी लागते. उच्चनीचता टिकवायची तर ती दिसली पाहिजे. आणि ती दिसावी म्हणून वस्त्र, अलंकार, वस्तीची जागा आणि अखेरीस प्रत्यक्ष कातडी वापरली जाते.

मनुस्मृतीत हे स्पष्टपणे आढळते. नवव्या अध्यायात महापातक्यांच्या कपाळावर डाग देण्याचे विधान आहे: मद्यपान करणाऱ्यास मद्याच्या दुकानाची खूण, चोरास कुत्र्याचे पाऊल, ब्रह्महत्या करणाऱ्यास मस्तकहीन पुरुषाची आकृती. ही गुन्ह्याची शिक्षा झाली, असे कोणी म्हणेल. परंतु आठव्या अध्यायात, उच्च वर्णाच्या माणसाबरोबर एकाच आसनावर बसू पाहणाऱ्या नीच जातीच्या माणसाच्या कमरेवर डाग देऊन त्याला हद्दपार करावे, असेही सांगितले आहे. येथे गुन्हा कोणता? केवळ समतेने बसण्याची इच्छा. तप्त लोखंडाने डागणे आणि सुईने गोंदणे या क्रिया भिन्न असल्या तरी, दुसऱ्याच्या शरीरावर आपली आज्ञा कायमची कोरण्याचा हेतू दोहोंतही असू शकतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते अशा विधानांचे होते हे आपण विसरू नये.

आता विनयाकडे वळू. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. महावग्गात शिक्षा म्हणून डाग दिलेल्या माणसाला, म्हणजे ‘लक्खणाहत’ व्यक्तीला, प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे. चाबकाने फटकारलेला, कर्जबाजारी व दास यांच्याविषयीही तसेच नियम तेथे आढळतात. समतेचा उद्घोष करणाऱ्या संघाने समाजाने डागलेल्यालाच दार बंद केले, असा आक्षेप यावर घेता येईल. आम्ही तो आक्षेप टाळू इच्छित नाही. या नियमांची पार्श्वभूमी मात्र लक्षात घ्यावी. श्रमणांना हात लावू नये अशी मगधराज बिंबिसाराची आज्ञा होती. त्यामुळे राजदंडातून सुटण्याचे आश्रयस्थान म्हणून संघाचा उपयोग होऊ लागला आणि लोकांत टीका सुरू झाली. अंगुलिमालासारख्या कुप्रसिद्ध दरोडेखोराला भगवंतांनी प्रव्रज्या दिली होती. त्याला पाहून लोक भयभीत झाले, त्यानंतर तशा चोरांविषयीचा नियम झाला. अंगुलिमालाची प्रव्रज्या मात्र रद्द झाली नाही.

आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, मातृघातकासारख्या व्यक्तीला उपसंपदा मिळाली असली तरी संघातून काढावे असे विनय सांगतो. लक्खणाहताच्या बाबतीत मात्र प्रव्रज्या देणाऱ्या भिक्खूला ‘दुक्कट’ हा सौम्य दोष लागतो, एवढेच म्हटले आहे. दुसरी अशी की, नियमात ‘कतदण्डकम्म’, म्हणजे ज्याला दंड झाला आहे असा, हा शब्द घातलेला आहे. आक्षेप राजदंडाला आहे, कातडीवरील खुणेला नाही. जन्माने हीन ठरविलेल्या सुनीताला आणि नापित उपालीला संघात जे स्थान मिळाले, ते या दृष्टीने पाहावे.

बौद्ध देशांच्या इतिहासातही खुणेची ही दोन रूपे शेजारी शेजारी नांदलेली दिसतात. सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, सामान्य प्रजाजनांच्या मनगटावर त्यांच्या मालकाची व गावाची खूण गोंदली जात असे. वेठबिगारीसाठी माणसांची नोंद ठेवण्याची ती राज्याची पद्धत होती. राजा चुलालंकोर्न (कारकीर्द १८६८ ते १९१०) याच्या सुधारणांच्या काळात ती व्यवस्था मोडीत निघाली. त्याच देशात लोक स्वेच्छेने भिक्खूंकडून किंवा गुरूंकडून पाठीवर ‘साक यंत’ गोंदवून घेतात. त्यात खोम लिपीतील पाली गाथांची अक्षरे असतात. रक्षणाची ही श्रद्धा धम्माशी कितपत सुसंगत आहे, याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु मनगटावरील खूण आणि पाठीवरील यंत्र यांत सुई सारखीच असली तरी संमतीचा फरक आहे.

आपल्या देशात संमतीवाचून गोंदण्याचा इतिहास फार जुना झालेला नाही. बंगालमध्ये कंपनी सरकारच्या १७९७ च्या नियमान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. त्याला ‘गोदना’ म्हणत. ही शिक्षा १८४९ साली कायद्याने बंद झाली. तरीही १९९३ साली अमृतसर येथे पोलिसांनी काही स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ ही अक्षरे गोंदविली. दोषी पोलिसांना शिक्षा होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रातील गोंदण याहून वेगळे आहे. पण ते सर्वस्वी स्वेच्छेचे होते असेही म्हणता येत नाही. भटक्या जमातींतील गोंदणारणी गावोगाव फिरत. दिव्याची काजळी घेऊन, तीन-चार सुया एकत्र बांधून त्या लहान मुलींच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर टोचत. मुलगी रडे आणि चार बायका तिला धरून ठेवीत. मेल्यावर सोबत येते ते केवळ गोंदण, अशी समजूत होती. ज्या नवऱ्याचे नाव उच्चारण्याची स्त्रीला मुभा नव्हती, ते नाव तिच्या हातावर गोंदलेले असे; आणि तिला ते वाचता येत नसे. तथापि ज्यांच्या अंगावर सोने येणे शक्य नव्हते, त्या स्त्रियांचा हा अलंकारही होता. तो सावकाराला गहाण ठेवता येत नव्हता आणि कोणाला हिरावून घेता येत नव्हता. रूढी आणि हौस यांची येथे अशी सरमिसळ झालेली आहे.

महाडच्या त्याच डिसेंबर महिन्यात बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत, गळ्यातील जाड सऱ्या, हातातील कोपरापर्यंतचे कथलाचे व चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाकून द्या, असा त्याचा आशय होता. स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगोलग बदलली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही, अशा प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहेत. त्या घेणाऱ्यांनी देव्हाऱ्यातील टाक व मूर्ती बाहेर काढल्या. लुगडे बदलता आले, दागिने उतरवता आले, देव विसर्जित करता आले; कळत्या वयाआधी टोचलेले गोंदण मात्र पुसता आले नाही.

म्हणून त्या माउलीच्या हाताकडे आम्ही वेगळ्या दृष्टीने पाहतो. तो हात तिच्या श्रद्धेतील विसंगती सांगत नाही. ती कोठून निघाली आणि कोठवर आली, हे अंतर सांगतो. गोंदण तिच्यासाठी इतरांनी निवडले, धम्म तिने स्वतः निवडला. वासेट्ठसुत्ताच्या कसोटीने पाहता माणूस खुणेने ठरत नाही, कर्माने ठरतो. आणि तिचे कर्म तिच्या जोडलेल्या हातांत आहे.

आज तरुण मुले-मुली दंडावर ‘जय भीम’ ही अक्षरे किंवा धम्मचक्र हौसेने गोंदवून घेतात. ज्या समाजाच्या शरीरावर खुणा करण्याचा अधिकार शतकानुशतके दुसऱ्यांनी आपल्याकडे ठेवला, त्याच्या मुलांनी आपली खूण आपण निवडावी, यात स्वाभिमान आहे. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, त्याच कसोटीला हे नवे गोंदणही उतरले पाहिजे. कातडी अनित्य आहे, तिच्यावरील अक्षरेही अनित्य आहेत. धम्मचक्र दंडावर आहे एवढ्याने शील अंगी येत नाही. आणि विहारात शेजारी बसलेल्या आजीचा हात पदराआड जाऊ लागला, तर तो तेथे जाऊ देऊ नये. तिच्याजवळ बसून त्या गोंदणाची हकीकत विचारावी आणि लिहून ठेवावी. तो आपलाच इतिहास आहे, आणि तो सांगणारे हात आता थोडेच उरले आहेत.