ढिगाऱ्याखालचा पाय

अंगावरचा दगड हटला की माणूस सुटला, असे आम्ही सारेच धरून चालतो. १९४०-४१ साली लंडनवर जर्मन बाँब पडत असता निराळेच दिसले. तासन्‌तास चिरडलेला पाय मोकळा होई, रोगी बोलू लागे. आणि मग पाय सुजे, लघवी काळपट होऊन थांबे व आठवडाभरात पुष्कळदा मृत्यू! बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये असे चार रोगी वर्णिले. (पहिल्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनी हेच नोंदले होते; पण शत्रूचे कागद वाचतो कोण?) प्राणवायूवाचून उपाशी राहिलेल्या स्नायूंत रक्त परतताच त्यांतील मायोग्लोबिन व पोटॅशियम अंगभर पसरत. म्हणजे परतलेले रक्तच घात करी! म्हणून आता शक्य तेथे ढिगारा उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करतात. त्याने मूत्रपिंडे वाचू शकतात. स्नायू वाचवणे मात्र अजून पुरते साधलेले नाही.