परमुलखातील भाषाशिक्षक आणि सुवार्तेची भाषा

माळव्यातील धार व देवास ही संस्थाने मराठ्यांच्या उत्तरेकडील विस्तारातून उदयास आली. दोन्ही ठिकाणचे राजे पवार कुळातील. देवासची गादी तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या वंशांत विभागली गेली, आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावी नांदली. दरबारची भाषा मराठी व दफ्तराची लिपी मोडी. परंतु शेतात राबणारी रयत बोलत असे ती माळवी. राज्यकर्त्यांची भाषा एक आणि रयतेची दुसरी, ही परिस्थिती ध्यानात घेतल्यावाचून या प्रदेशातील सुवार्ताकार्याच्या इतिहासाचा एक धडा नीट उमगत नाही. परमुलखात भाषा शिकवून मिळविलेल्या पैशाविषयीचा तो धडा आहे, आणि त्याचा आरंभ माळव्यापासून फार दूर, कलकत्त्यात होतो.

विल्यम केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरले. स्वदेशातून येणारी मदत तुटपुंजी व अनियमित होती, म्हणून १७९४ पासून त्यांनी मदनावती येथे निळीच्या कारखान्यात दरमहा २०० रुपयांवर व्यवस्थापकाचे काम केले. इंग्लंडमधील सोसायटीला हा उद्योग खटकला. मिशनरी संसारात गुंतेल अशी भीती तिला वाटली. पुढे १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची बंगालीचे शिक्षक म्हणून ५०० रुपये मासिक वेतनावर नेमणूक झाली. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी हे कॉलेज काढण्यात आले होते. केरी आंग्ल मंडळीचे सभासद नसल्याने त्यांना प्राध्यापक हे पद मिळू शकले नाही. ते १८०७ साली मिळाले व वेतन १००० रुपये झाले. बंगालीबरोबर ते संस्कृत व मराठीही शिकवीत. पुणे, नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर आणि धार-देवाससारखी लहान संस्थाने यांच्याशी व्यवहार करावयाचा, तर कंपनीला मराठी जाणणारी माणसे हवीच होती. देवासशी कंपनीचा तह १८१८ साली झाला व धारशी १८१९ च्या जानेवारीत.

केरींना मराठी कोणी शिकविली, हेही सांगितले पाहिजे. कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ यांचे साहाय्य १८०५ च्या मराठी व्याकरणाला व १८१० च्या मोडीत छापलेल्या कोशाला लाभले. तेही आपला मुलूख सोडून भाषेच्या बळावर पोट भरावयास आलेले होते. परंतु दोघांच्या स्थितीत अंतर मोठे होते. त्याच कॉलेजात बंगालीचे मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना दरमहा २०० रुपये मिळत, तर नवशिक्या केरींना प्रारंभीच ५००. जो मूळचा जाणकार त्याला कमी व जो त्याच्यापासून शिकला त्याला अधिक, हा त्या काळच्या सत्तेचा न्याय होता. आपल्या इतिहासलेखनात साहेबाचे नाव राहते व पंडिताचे गळते, याचे मूळही तेथेच आहे.

आता या पैशाचे काय झाले? सेरामपूर येथे केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी एकत्र कुटुंबाप्रमाणे राहण्याचे ठरविले होते. कोणी खाजगी व्यापार करावयाचा नाही आणि सर्वांची मिळकत एकाच पेटीत जमा व्हावयाची, हा त्यांचा नियम. केरींचे वेतन, मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्न व छापखान्याची मिळकत या सामायिक पेटीत जात असे. घरखर्चापुरते आणि कॉलेजात जाण्याजोग्या कपड्यांपुरते घेऊन उरलेले सारे कार्यासाठी वेचले जाई. त्यातूनच १८११ साली मराठी नवा करार निघाला. कॉलेजच्या निमित्ताने कलकत्त्यास निरनिराळ्या प्रांतांतील पंडित जमत, त्यांचाही सेरामपूरच्या भाषांतरांना उपयोग झाला. १८२६ साली उज्जैनी, म्हणजे माळवी बोलीतील नवा करारही तेथून प्रसिद्ध झाला.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. केरींना वेतन मिळत होते ते दरबाराच्या भाषेसाठी. माळवी शिकविण्यासाठी कंपनीने त्यांना एक पैसाही दिला नसता. तरीही दरबारी भाषेची कमाई धार-देवासच्या शेतकऱ्याच्या बोलीवर खर्च झाली. ते भाषांतर घाईचे होते व त्यात दोष होते, हे नाकारण्याचे कारण नाही. सेरामपूरच्या मराठी नव्या कराराच्या जागीही मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना १८२६ साली नवे भाषांतर द्यावे लागले. पण पैसा कोणत्या दिशेने वाहिला, हे महत्त्वाचे.

स्वकष्टाच्या कमाईने संकटही आणले. जे स्वतः मिळवीत होते त्यांना लंडनहून येणारी आज्ञा जाचू लागली. मालमत्तेच्या मालकीवरून वाद वाढला आणि १८२७ साली सेरामपूर व सोसायटी विभक्त झाली. केरी १८३४ साली निवर्तले. समेट १८३७ साली झाला. सामायिक पेटी स्वार्थाला आवर घालते, परंतु अभिमानाला घालतेच असे नाही.

माळव्यात पुढे १८७७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदुरास सुरू झाले व १८९५ साली धार येथे ठाणे उघडले. डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तेथे दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. मराठी राजाच्या राजधानीतही या मिशनने कामासाठी हिंदी स्वीकारली, कारण रयतेला तीच जवळची. दरबारात मात्र प्रतिष्ठेची भाषा बदलत होती. १९०७ साली देवास थोरल्या पातीचे तरुण राजे तुकोजीराव यांचे शिक्षक म्हणून माल्कम डार्लिंग हा सनदी अधिकारी नेमला गेला. आता मोल होते ते इंग्रजीला.

ते मोल अद्याप ओसरलेले नाही. आपल्यातील कित्येक पाळक व उपदेशक संसाराला हातभार म्हणून इंग्रजीच्या शिकवण्या घेतात. काही जण परदेशीही जातात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. करिंथात पौलाने तंबू शिवून आपला निर्वाह केला (प्रेषितांची कृत्ये १८:३). मात्र सेरामपूरचा इतिहास अशा सेवकापुढे दोन प्रश्न ठेवतो. मिळकतीचा हिशेब आपण बंधुजनांपुढे उघडा ठेवतो काय? आणि ज्या भाषेला बाजारात भाव नाही, त्या भाषेत बोलणाऱ्या माणसासाठी आपल्या वेळेचा व पैशाचा काही वाटा आपण राखून ठेवतो काय? पन्नासाव्या दिवशी प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये ऐकली ती आपापल्या भाषेत. मंडळीचा आरंभ अशा ऐकण्यातून झाला आहे. शिकवणीच्या फीमुळे आपल्याच गावची बोली आपल्याला परकी होणार नाही, एवढी काळजी प्रत्येक सेवकाने घ्यावी.