शेफिल्डमधलं रहाटगाडगं

साल १९३७. तुम्ही इंग्लंडातल्या शेफिल्डला उतरता. पोलादाच्या भट्ट्यांचं हे शहर. पण तुम्हाला पाहायची आहे ती आग विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या चंबूत आहे.

समोर हान्स क्रेब्ज. ज्यू म्हणून १९३३ साली जर्मनीतली नोकरी गेली, तेव्हा देश सोडून आलेले. शेजारी त्यांचा विद्यार्थी विल्यम जॉन्सन. वाटीत कबुतराच्या छातीचा ताजा किमा, गडद लाल. पाखराला उडवणारा हा स्नायू भराभर प्राणवायू घेतो, म्हणून तोच निवडलाय. चंबू कोमट पाण्यात हलत राहतो. तुम्ही वाकून त्याला जोडलेल्या बारीक नळीवर नजर लावता. चंबूतला प्राणवायू कमी होतो तसतसा नळीतला द्रव सरकतो. कबुतर मेलंय, पण त्याच्या स्नायूचा श्वास चालू आहे.

एका चंबूत नुसता किमा, दुसऱ्यात जरासं सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचंच रूप. थोड्या वेळाने पहिला थकत जातो, दुसरा मात्र जोमात. हिशेब करून पाहा. घातलेलं सगळं सायट्रेट जळून गेलं असतं, तरी इतका जास्तीचा प्राणवायू लागला नसता. म्हणजे ते नुसतं इंधन नव्हे. ते मोडतं आणि पुन्हा तयार होतं!

इथे जरा थांबा. साखर मोडून पायरुव्हेट बनतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावर उरलेला तुकडा पेशीतल्या ऑक्झॅलोॲसिटेट नावाच्या आम्लरूपाला जोडला गेला की सायट्रेट तयार. मग पायरीपायरीने कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन निघत जातात, आणि शेवटी हाती पुन्हा ऑक्झॅलोॲसिटेट. रहाटगाडगंच हे! त्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने प्राणवायूपर्यंत पोचतात, आणि वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर पेशी एटीपी हे ऊर्जा पुरवणारं रसायन बनवते. भाकरी चुलीत पडली तर नुसती धग. पेशी तीच ऊर्जा थोडी थोडी करून कामाला लावते. मला यातली ही सबुरीच सर्वांत थोर वाटते.

जूनमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने क्रेब्ज यांचं या चक्रावरचं टिपण परत पाठवलं, छापायची पत्रं आधीच साचली होती. मग हॉलंडच्या ‘एन्झायमोलॉजिया’त ते प्रसिद्ध झालं. १९५३ साली क्रेब्ज यांना फ्रिट्झ लिपमान यांच्याबरोबर नोबेल मिळालं. शिक्षकहो, क्रेब्ज चक्रातल्या आम्लांची नावं पाठ करून घ्याच, पण आधी मुलांना या दोन चंबूंची गोष्ट सांगा.