बऱ्हाणपूरचे रंगीत न्हाणीघर



एका भिंतीला मोरपंखी टाइल्स, दुसरीवर मोठाली फुले, छतालाही रंग. अशा भरगच्च बाथरूमला हल्ली ‘मॅक्सिमलिस्ट’ म्हणतात. सुना-मुली हौसेने करून घेतात, आपल्याला ते भडक वाटते. पण ही हौस जुनीच आहे.

भुसावळच्या पुढे तापीकाठी बऱ्हाणपूर आहे. तिथल्या शाही किल्ल्यात मुघलांचा हमाम, म्हणजे न्हाणीघर, आजही पाहता येतो. शाहजहानने तो मुमताज महलसाठी करवून घेतला, असे सांगतात. छतावर चुन्याच्या गिलाव्यात रंगवलेली फुले-वेलबुट्टी अजून दिसते. शहराला पाणीही मुबलक होते. १६१५ च्या सुमारास सातपुड्याचे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराने, गावात आणले होते. त्या कुंडी भंडाऱ्याचे पाणी आजही वाहते.

मी कॉमर्सची, त्यामुळे जमेबरोबर खर्चाची बाजूही बघते. मुमताजचे लग्न १६१२ मध्ये झाले. १९ वर्षांच्या संसारात १४ बाळंतपणे. त्यांतली निम्मीच मुले जगली. नवऱ्याच्या मोहिमांबरोबर प्रवास चालूच. १६३१ मध्ये याच बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात ती गेली. वय अवघे ३८. तापीपलीकडे जैनाबादला तिला आधी पुरले. आग्र्याला नंतर नेले.

छतावरची फुले राहिली, बाई राहिली नाही.

म्हणून सुनेने बाथरूम रंगीबेरंगी केले तर नाक मुरडू नका. खुशाल करू दे. फक्त तिची झोप, तिचे रक्त, तिचा थकवा यांचीही तितक्याच हौसेने चौकशी करा.