पिंपरीवरची तार आणि चार डायोड

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही डायोड रेक्टिफायर एका तासात उरकला. चार डायोडचा चौकोन. आत एसी, बाहेर डीसी. आत व्होल्टेजची दिशा सतत उलटते, पण लोडमधून करंट एकाच दिशेने जातो. वाटेतला प्रत्येक सिलिकॉन डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो. पण पिंपरी-चिंचवडवरून जाणाऱ्या रेल्वेच्या तारेचं नशीब या चौकोनाच्या आकाराने ठरवलं, हे मला फार नंतर कळलं.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा तीच वीज पिंपरीवरून पुण्याला पोचली होती.

डीसीच का? थांबलेली जड गाडी हलवायला डीसी सिरीज मोटर उत्तम. पण एसीचा डीसी करणारी तेव्हाची यंत्रं अवजड. आधी फिरते कन्व्हर्टर, मग पाऱ्याचे रेक्टिफायर. ती रुळांशेजारच्या सबस्टेशनात बसवली आणि तारेत तयार डीसी सोडला. डीसीचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने उतरवता येत नाही. त्यामुळे मोटरींना झेपेल तेवढंच तारेत ठेवावं लागलं.

आता हिशोब करा. ३००० किलोवॉटच्या इंजिनाला १५०० व्होल्टवर २००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टवर फक्त १२०. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे त्याच तारेत पावणेतीनशे पटींहून जास्त वीज वाया. म्हणून डीसीला जाड तारा आणि जवळजवळ सबस्टेशनं लागायची.

मग सिलिकॉन डायोड आला. १९७० पासूनच्या डब्ल्यूएएम-४ इंजिनांत ट्रान्सफॉर्मर आणि सिलिकॉन रेक्टिफायर दोन्ही आत मावले. तारेत २५,००० व्होल्ट एसी, डीसी इंजिनाच्या पोटात. पण मुंबई-पुण्याकडे तारा, सबस्टेशनं, लोकल सगळंच डीसीचं. आमच्या भाषेत, लेगसी सिस्टीम. चालू वाहतूक सांभाळत ती टप्प्याटप्प्याने बदलली. पुण्याचा मार्ग आधी, मुंबईचा हार्बर शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये. तेव्हाच्या एका निर्णयातून सुटायला ९१ वर्षं लागली.

तुमच्या फोनच्या चार्जरने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतो, आतला डायोडचा चौकोन त्याचा सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करतो आणि पुढचं सर्किट तो फोनपुरता उतरवतं. रेक्टिफायर मुठीत मावतो, म्हणून घराच्या तारेला डीसी व्हावं लागत नाही.