आधारभिंतीची दुरुस्ती

उंचसखल जागेतील माती किंवा भराव जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या भिंतीस आधारभिंत अथवा संरक्षक भिंत म्हणतात. टेकडीवरील उद्यानांत अशा भिंती अनेकदा रस्त्यांना व वस्तीला लागून असतात. जुन्या काँक्रीट भिंतीची दुरुस्ती करताना तिचे मूळ रूप राखणे आणि तिच्यामागील पाण्याला वाट देणे ही दोन्ही कामे करावी लागतात.

कारणे

भिंत सहसा मातीपेक्षा साचलेल्या पाण्याच्या दाबाने ढळते. तीन मीटर उंच भिंतीवर निचरा झालेल्या भरावाचा रेटा दर मीटर लांबीस साधारण अडीच ते तीन टन असतो. पाणी माथ्यापर्यंत साचल्यास तो दुपटीहून अधिक होतो. पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे (वीप होल) गाळाने, मुळांनी किंवा हौसेने केलेल्या गिलाव्याने बुजतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत सळया गंजून फुगतात व काँक्रीटचे पापुद्रे सुटतात.

मुंबईतील घटना

२ जुलै २०१९ रोजी मालाड पूर्वेतील पिंपरीपाडा येथे महापालिकेच्या जलाशय परिसराची भिंत मुसळधार पावसात झोपड्यांवर कोसळून वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. ६ ऑगस्ट २०२० रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत कुलाबा वेधशाळेत ३३१.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात मलबार हिलच्या उतारावरील बी. जी. खेर मार्गालगतची संरक्षक भिंत ढासळली आणि माती व झाडे खालच्या एन. एस. पाटकर मार्गावर आली.

दुरुस्ती

प्रथम भिंतीलगतची वर्दळ थांबवून माथ्यावरील जादा भार हटवतात व तात्पुरते टेकू देतात. ओळंब्याने कल मोजतात आणि भेगांवर काचपट्ट्या चिकटवतात. पट्टी तडकली म्हणजे हालचाल चालू आहे. अशा भिंतीची भेग नुसती बुजवणे निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याची खूणही झाकणारे ठरते.

त्यानंतर वीप होल मोकळी करतात, गरजेप्रमाणे नवी पाडतात आणि मागे खडीचा थर व गाळणकापड घालतात. कललेल्या भिंतीतून मागच्या घट्ट जमिनीत पोलादी सळया रोवून त्या सिमेंटच्या पातळ मिश्रणाने पक्क्या करतात (सॉइल नेलिंग). शेवटी सैल काँक्रीट काढून, सळयांवरील गंज घासून, मूळ खडीच्या रंगाशी व पोताशी जुळणारे मिश्रण भरतात. ते जुन्या काँक्रीटपेक्षा फार कडक असल्यास सांध्यापाशी पुन्हा भेग पडते. मुळे भिंतीत शिरलेली झाडे सरसकट तोडत नाहीत, कारण मुळे कुजल्यावर मातीत पोकळ्या राहतात.

मुंबईतील वारसा यादीत नोंद असलेल्या वास्तूच्या बाबतीत वारसा नियमांनुसार मुंबई वारसा संवर्धन समितीचे मत घेतले जाते.