माळढोकाच्या शिकारीपासून मातीच्या लक्ष्यापर्यंत : दुनळी बंदुकीच्या निवडीचा इतिहास (विशेष संदर्भ : अहमदनगर जिल्हा)

प्रस्तावना :
शस्त्रांचा इतिहास बहुधा युद्धांच्या अनुषंगाने लिहिला जातो. छर्ऱ्याच्या दुनळी बंदुकीचा इतिहास मात्र प्रामुख्याने शिकारीचा इतिहास आहे. आज ही बंदूक उडत्या मातीच्या लक्ष्यावर नेम साधण्यासाठी निवडली जाते. निवडीचे निकष कसे बदलले, हे समजून घेण्यासाठी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा इतिहास उपयुक्त ठरतो.

शिकारीचा कालखंड :
नगरच्या मोकळ्या गवताळ माळांवर माळढोक पक्षी विपुल होता. रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात नगर परिसरात ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिविषयक साहित्यात आढळते. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे ४६ ते ४८ पक्षी. माळढोकाची मादी एका विणीत सहसा एकच अंडे घालते, हे लक्षात घेता या आकड्याचे गांभीर्य ध्यानात येते. त्या काळी ठासणीच्या बंदुका प्रचलित होत्या. दिवसभर खांद्यावर वागवता येईल असे वजन आणि लांबवरच्या पक्ष्यापर्यंत पोहोचणारा मारा, या शिकाऱ्याच्या मुख्य अपेक्षा होत्या.

लक्ष्यातील बदल :
युरोपात पिंजऱ्यातून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर नेमबाजीच्या स्पर्धा होत. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही तसा प्रकार झाला. तत्पूर्वीच, १८८० मध्ये अमेरिकेतील जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची तबकडी प्रचारात आणली होती. आजची तबकडी चुनखडीची भुकटी व डांबर यांपासून बनते. तिचा व्यास ११० मिलिमीटर व वजन सुमारे १०५ ग्रॅम असते.

निवडीचे निकष :
ट्रॅप प्रकारात लक्ष्य नेमबाजापासून दूर जाते. त्यामुळे लांब नळ्या आणि छर्रे एकवटून ठेवणारा घट्ट चोक पसंत केला जातो. स्कीटमध्ये अंतर कमी असल्याने मोकळा चोक सोयीचा ठरतो. शेजारी-शेजारी नळ्यांऐवजी एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीला प्राधान्य मिळाले, कारण तीत नजरेसमोर एकच अरुंद नळी राहते आणि खालच्या नळीचा धक्का सरळ खांद्यात येतो. शेकडो काडतुसे झाडताना थोडी जड बंदूक धक्का शोषून घेते. या बंदुकीला मागचा नेमदर्शक नसतो. नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. म्हणून दस्त्याची लांबी व उंची शरीराला जुळणे, हा सर्वांत निर्णायक निकष होय. निर्मात्याची ख्याती त्यानंतर येते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्यपदक मिळविले, तेव्हा दोन लक्ष्यांसाठी दोन नळ्यांची उपयुक्तता भारतीयांच्या विशेष लक्षात आली. बंदूक बाळगण्यासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना आवश्यक आहे.

निष्कर्ष :
शिकारी आपल्या बंदुकीची पारख सावजावरून करीत असे; क्रीडा-नेमबाज ती स्वतःच्या शरीरावरून करतो. हा बदल केवळ तांत्रिक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने माळढोकाला सर्वोच्च संरक्षण दिले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील माळांवर अभयारण्य स्थापन झाले. तरीही हा पक्षी येथून जवळजवळ नाहीसा झाला. शिकारीबरोबरच माळरानांचा ऱ्हासही त्यास कारणीभूत आहे. फुटलेली तबकडी पुन्हा घडविता येते, माळढोक नाही. दुनळी बंदुकीच्या इतिहासाचा अभ्यास करताना हा भेद दृष्टीआड करता येत नाही.